पँट घालताना तोल जातो, पाय अडकतो: बिघाड कुठे आहे आणि दुरुस्ती कशी करायची

रोजचं तेच. पहिला पाय सहज आत जातो. दुसरा उचलला की पंजा कापडात कुठेतरी अडकतो, अंग एका बाजूला कलतं, दोन-तीन लंगड्या उड्या होतात, हात कपाट नाहीतर भिंत शोधतो आणि पँट कशीबशी कंबरेपर्यंत पोचते. तरुण, धडधाकट माणसाचं यात काही बिघडत नाही, म्हणून याकडे कोणी अडचण म्हणून बघतही नाही. पण पाठ धरलेली असेल, गुडघा दुखत असेल, दिवस गेलेले असतील, मधुमेहाने तळपाय बधिर झाले असतील किंवा वय साठीपुढे सरकलं असेल, तर हीच उडी माणसाला जमिनीवर आणते. कपडे घालताना पडलेली माणसं बहुधा संकोचाने ते कोणाला सांगत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पँट पुन्हा तशीच घालतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहिते आहे.

बिघाड दुसऱ्या पायाच्या वेळी होतो

विचारलं तर बहुतेक जण म्हणतात, “माझा तोलच कच्चा आहे.” तोल थोडाफार कच्चा असेलही. पण त्याच माणसाला भिंतीजवळ एका पायावर उभं राहायला सांगा, काही सेकंद तरी तो नीट उभा राहतो. मग पँट घालतानाच काय होतं?

एका पायावर उभं राहायचं म्हणजे शरीराचा सगळा भार त्या एका पावलावर नेमका आणून ठेवायचा. कुल्ह्याच्या बाजूला ग्लुटियस मीडियस नावाचा स्नायू असतो. उभ्या पायाकडचा हा स्नायू ओटीपोटाचं हाड आडवं धरून ठेवतो, तो सैल पडला की उचललेल्या पायाकडची बाजू खाली झुकते. शिवाय तोल सांभाळायला मेंदू तीन ठिकाणांहून खबर घेतो: डोळे, आतला कान, आणि तळपाय-घोटा-गुडघ्यातून येणारी जाणीव. पँट घालताना मान खाली जाते, नजर स्थिर खुणेवरून सुटून हलत्या कापडावर येते आणि दोन्ही हात कामात असतात. म्हणजे साध्या एका पायावरच्या उभं राहण्यापेक्षा हे काम आधीच अवघड.

तरीही पहिला पाय बहुतेकांचा नीट जातो, कारण तेव्हा पँट अजून कुठेच बांधलेली नसते. तोल गेलाच तर उचललेला पाय खाली टेकता येतो. चालताना ठेच लागली तर आपण पडत का नाही? पाय आपोआप पुढे पडतो आणि शरीर सावरतं. हे सावरायचं पाऊल हे पडण्यापासूनचं आपलं सगळ्यात मोठं संरक्षण. दुसरा पाय पँटमध्ये शिरला की दोन्ही पाय एकाच कमरपट्ट्याने जखडले जातात आणि ते पाऊल टाकायला जागाच उरत नाही. म्हणून माणूस उड्या मारतो, कारण तेवढंच शक्य असतं. त्यात उभ्या पायाखाली पँटची मोहोरी आलेली असली तर उडीही नीट बसत नाही, कापड फरशीवर घसरतं. हात कमरपट्टा धरून असल्याने ते पुढे यायलाही उशीर होतो. माणूस बाजूला, कुल्ह्यावर पडतो. खुब्याचं हाड मोडण्याच्या घटनांत असं बाजूला पडणं हेच सगळ्यात जास्त आढळणारं कारण आहे.

तेव्हा दुरुस्ती दोनपैकी एका प्रकारे होते. सावरायचं पाऊल मोकळं ठेवायचं, किंवा त्याची गरजच पडू द्यायची नाही. दुसरा मार्ग म्हणजे बसणं. तो जास्त खात्रीचा आहे, पण उभ्यानेच पँट घालणारे लोक ते ऐकून सोडून देतात, म्हणून आधी उभ्याची दुरुस्ती सांगते.

उभ्यानेच घालायची असेल तर

आधी जागा बदला. खोलीच्या मधोमध उभं राहू नका. पलंगाकडे पाठ करून इतकं जवळ उभं राहा की पोटऱ्या त्याच्या कडेला टेकतील. मग तोल मागे गेला तर जास्तीत जास्त काय होईल, तर तुम्ही पलंगावर बसाल. पलंग फार खाली असेल तर कोपऱ्यात उभं राहून कुल्हा आणि पाठ भिंतीला टेकवा. हलक्या खुर्चीची पाठ किंवा चाकाची खुर्ची आधाराला धरू नका. आपला भार गेला की तीच आधी सरकते. कपाटाचं उघडं दारही तसंच.

आता कापड. पँट कमरेला धरून लांब लोंबती ठेवायची आणि त्या बोगद्यात पाय सोडायचा, ही सर्वसाधारण पद्धत आणि गडबडीचं मूळही तेच. पंजाला सगळी लांबी आंधळेपणाने पार करायची असते. त्याऐवजी, पायमोजा घालताना आपण तो जसा बोटांवर गोळा करतो तसा पँटचा पाय कमरेपासून मोहोरीपर्यंत दोन्ही हातांनी गोळा करा. पंजा आत घातला की लगेच पलीकडून दिसला पाहिजे. बोटं खाली ताणलेली ठेवा. बोटं वर वळलेली असली की ती शिवणीत, आतल्या खिशाच्या कापडात किंवा फाटक्या जीन्सच्या गुडघ्यावरच्या भोकात जाऊन अडकतात.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात, आणि माझ्या मते अख्ख्या लेखातली ही सगळ्यात कामाची गोष्ट आहे. पहिला पाय आत गेल्यावर दुसरा उचलायच्या आधी थांबा. पहिल्या पायाची मोहोरी टाचेच्या वर, घोट्यापर्यंत ओढून घ्या. तळवा पूर्ण उघडा, फरशीवर सपाट. खाली बघून खात्री करा की टाचेखाली कापडाचा काठ नाही. पँट लांब असेल तर हे आणखी महत्त्वाचं. मग त्या पायावर भार द्या, एक श्वास घ्या आणि मगच दुसरा पाय उचला. आता कमरपट्टा साधारण गुडघ्याच्या उंचीवर असतो. त्याची दुसऱ्या पायाकडची बाजू हाताने खाली झुकवा, म्हणजे गुडघा छातीपर्यंत उचलावा लागत नाही.

आणि पाय अडकला तर ओढू नका. सगळे इथेच चुकतात. अडकलेला पाय जोरात पुढे ढकलला की कमरपट्टा उभ्या पायाला खेचतो आणि तोल त्या क्षणी जातो. अडकला, की पाय तसाच, कापडासकट, खाली टेकवा. दोन पायांवर उभे राहा, मग हाताने सोडवा. पँट चुरगळली तर चुरगळू द्या.

कोणता पाय आधी? जवळपास प्रत्येकाचा ठरलेला असतो आणि तो कोणता हे विचारल्यावरच कळतं. वर सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या पायाची वेळ अवघड, म्हणून त्या वेळी उभं राहायला भक्कम पाय हवा. भक्कम पायावर दुसऱ्या वेळी उभं राहायचं तर तोच आधी आत गेला पाहिजे. तुमचा क्रम उलटा असेल तर बदलून बघा. पहिले काही दिवस अगदी परका वाटेल, म्हणून तेवढे दिवस पलंगाजवळच.

मोजे आधी की पँट आधी

मोजा घातलेला पाय कापडातून सुरेख सरकतो आणि बोटं कुठे अडकत नाहीत. पण मोजा घातलेला दुसरा पाय गुळगुळीत फरशीवर तितकाच सुरेख सरकतो. म्हणजे हलत्या पायाला मोजा हवा आणि उभ्या पायाला नको. ही अडचण उभ्याने सुटत नाही. उभ्याने पँट घालणाऱ्याने अनवाणी घालावी, मोजे नंतर, बसून. मोजे आधी घालायची सवय मोडत नसेल तर पँटही बसूनच.

अंघोळीनंतरची गडबड वेगळी असते. ओलसर त्वचेवर कापड चिकटतं, पाय मध्येच थबकतो, आणि त्यात खालची फरशी ओली. पाय गुडघ्यामागे आणि बोटांच्या बेचक्यांत नीट कोरडे करा, कोरड्या खोलीत येऊन पँट घाला. बाथरूममध्ये, एका हाताने पँट पाण्यापासून वर धरून, एका पायावर हे काम करू नका.

घट्ट जीन्सला एक जुनी युक्ती लागू पडते. पंजावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची, पाय सरकवायचा आणि मोहोरीतून पिशवी ओढून काढायची. बसूनच करा. पिशवी घातलेला पाय फरशीवर टेकायचा नाही.

बसून घालायची पद्धत

बसून घालणं म्हणजे म्हातारपण मान्य करणं, असं काही जणांना वाटतं. मला ते पटत नाही. अडकायची जी वेळ आहे ती बसल्यावर उरतच नाही, आणि वेळही जास्त लागत नाही.

चाकं नसलेली, पक्की खुर्ची घ्या. बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला टेकले पाहिजेत. मऊ गादीच्या कडेवर बसलात तर पुढे वाकल्यावर घसरायची भीती असते, त्यापेक्षा खुर्ची बरी. पँट मांडीवर पुढची बाजू वर करून ठेवा. बटण आणि चेन पूर्ण उघडा. अर्धवट उघडी चेन हे पाय अडकण्याचं साधं कारण आहे आणि ते कोणी तपासत नाही. एक पाय, मग दुसरा, दोन्ही मोहोऱ्या घोट्याच्या वर, कमरपट्टा गुडघ्यांच्या वर मांड्यांपर्यंत. मगच उभे राहा आणि एकदाच वर ओढा.

वाकणं जमत नसेल तर घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून पंजा हाताजवळ आणा. तेही नको असेल तर पाय एका बुटक्या स्टुलावर ठेवा. उभं राहून पँट वर घ्यायला दोन हात लागतात आणि तेव्हा धरायला हात मोकळा नसतो, म्हणून ज्यांना उभं राहणं डळमळीत वाटतं त्यांनी बसल्या बसल्याच एका कुल्ह्यावर कलून दुसऱ्या बाजूची पँट वर सरकवावी, मग उलट. दोन-तीन फेऱ्यांत ती कंबरेपर्यंत येते. इलॅस्टिकच्या नेफ्याची पँट असेल तर हे फार सोपं जातं.

पाठ धरलेली असेल तर: आडवं पडून

मणक्यांमधल्या चकत्या रात्री आडव्या अवस्थेत पाणी शोषून फुगतात. सकाळी आपण थोडे उंच असतो ते त्यामुळेच. उठल्यावर पहिल्या तासाभरात पुढे वाकलं की या चकत्यांवर एरवीपेक्षा जास्त ताण येतो. १९९८ मध्ये ‘स्पाइन’ या नियतकालिकात स्नूक आणि सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेल्यांनी पहाटे-सकाळचं पुढे वाकणं टाळलं तेव्हा त्यांचं दुखणं कमी झालं. आणि आपण पँट घालतो ती नेमकी उठल्या उठल्या.

अशांनी पलंगावरच घालावी. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, एक गुडघा छातीकडे आणून पाय घाला, मग दुसरा. नंतर तळवे गादीवर टेकवून कुल्हे उचला आणि पँट वर ओढा. कुल्हे उचलता येत नसतील तर एका कुशीवर वळा, वरची बाजू ओढा, मग दुसऱ्या कुशीवर. उठताना आधी कुशीवर वळा, मग हाताने रेटा देऊन बसा.

दिवस गेलेल्या बाईनेही उभ्याने पँट घालू नये, विशेषतः ओटीपोटाच्या सांध्यांत दुखत असेल तर. एका पायावर भार आला की तिथेच कळ येते, शिवाय पुढे आलेल्या पोटामुळे शरीराचा भार पुढे सरकलेला असतो आणि स्वतःचे पायही दिसत नाहीत. बसून, दोन्ही पाय घालून, मग उभं राहावं.

दोन्ही पाय एकदम घालायची पद्धतही आहे, आणि अग्निशमन दलाचे जवान ती वापरतात. त्यांची जाड संरक्षक पँट बुटांभोवती खाली दुमडून तयार ठेवलेली असते. जवान बुटांत पाय घालतो आणि गॅलिससकट पँट वर ओढतो. तिथे ते जमतं कारण पँट रुंद असते, बूट भक्कम असतात आणि सराव रोजचा असतो. घरच्या साध्या पँटीत उभ्याने दोन्ही पायांची उडी घेऊ नका. पलंगावर बसून दोन्ही पाय एकदम घालायला मात्र काहीच हरकत नाही, काहींना तीच पद्धत सगळ्यात सोपी वाटते.

ऑपरेशन किंवा पक्षाघातानंतर

नियम असा: दुखरा, आखडलेला किंवा लुळा पाय आधी घाला, काढताना तो शेवटी काढा. सैल पँटमध्ये तो आरामात जातो, आणि नंतर ज्या पायाला वाकता येतं तो उरलेल्या जागेत स्वतःला बसवून घेतो. उलट केलंत तर पँट आधीच ताणलेली असते आणि आजारी पाय पिरगळावा लागतो.

हा नियम बसलेल्या किंवा आडव्या माणसासाठी आहे. उभ्याने तो पाळलात तर दुसऱ्या पायाच्या वेळी सगळा भार आजारी पायावर येईल, म्हणजे मघाच्या हिशोबाच्या बरोबर उलट. मागच्या बाजूने छेद देऊन खुब्याचा सांधा बदललेल्या माणसाला डॉक्टर सहसा कुल्ह्यातून ९० अंशांपेक्षा जास्त वाकू नका, पायावर पाय टाकू नका, असं सांगतात. त्याला वर सांगितलेली घोटा गुडघ्यावर ठेवायची युक्तीही वर्ज्य. त्याने लांब दांड्याचा चिमटा वापरावा. चिमट्यात कमरपट्टा धरायचा, पँट जमिनीजवळ न्यायची, पाय घालायचा आणि हाताला येईपर्यंत वर खेचायची. हे निर्बंध किती आठवडे पाळायचे ते ऑपरेशन करणारे डॉक्टरच सांगतील.

पक्षाघातात एक हातही कमकुवत असतो. तेव्हा बसून चांगल्या हाताने लुळा पाय उचलून चांगल्या पायावर ठेवतात, पँट घोट्याच्या वर चढवतात, पाय खाली ठेवतात आणि मग चांगला पाय घालतात. पहिल्यांदा हे ऑक्युपेशनल थेरपिस्टसमोर (रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या तज्ज्ञासमोर) करून घ्यावं. वाचून करायचं काम नव्हे.

पँट बदलून जे सुटणार नाही

काल-परवापर्यंत नीट जमत होतं आणि आता अचानक नाही, तर पद्धत बदलत बसू नका. एक पाय किंवा हात एकाएकी लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर तो पक्षाघात असू शकतो, तसंच थेट रुग्णालय गाठा. पाय हळूहळू बधिर होत गेले असतील तर साखर तपासून घ्या. उठून पँट वर ओढताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर रक्तदाब झोपून आणि मग उभं राहून मोजून घ्या. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर डॉक्टरांना दाखवा. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी त्यामागे असू शकते, पण ती स्वतःहून बंद करू नका.

घरी एक चाचणी करता येते. भक्कम टेबलाजवळ, शेजारी कोणीतरी असताना, हात न धरता एका पायावर दहा सेकंद उभं राहा. २०२२ मध्ये ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये ब्राझीलमधला एक अभ्यास आला होता. त्यात ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ लोकांपैकी साधारण पाचातल्या एकाला हे जमलं नाही, आणि पुढच्या वर्षांत त्या गटात मृत्यूचं प्रमाण जास्त आढळलं. याचा अर्थ एका पायावर उभं न राहता आल्याने माणूस मरतो असा नाही. तब्येतीच्या इतर तक्रारी तोलातून दिसतात, एवढाच. दहा सेकंद जमले नाहीत तर पँट बसून घाला आणि तोलाचा व्यायाम सुरू करा: टेबलाला बोटं टेकवून एका पायावर उभं राहणं, एका पावलापुढे दुसरं ठेवून चालणं, हात न लावता खुर्चीवरून उठणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना ६५ वर्षांपुढच्यांना तोल आणि ताकद वाढवणारे असे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करायला सांगतात. पँट घालणं हाच व्यायाम समजून रोज उभ्याने धडपडत राहणं मात्र मला अजिबात मान्य नाही. व्यायामात पाय मोकळे हवेत.

काढतानाही तेच

पँट घोट्यांपर्यंत खाली आली की दोन्ही पाय पुन्हा जखडलेले असतात, आणि रात्री माणूस दमलेला, उजेड कमी. उभ्याने एका पायाने दुसऱ्या पायाची मोहोरी दाबून पँट ओढून काढायची सवय बऱ्याच जणांना असते. ती सोडा. मांड्यांपर्यंत खाली घ्या, बसा, मग पाय बाहेर काढा. आतून-बाहेर झालेला पाय तेव्हाच सरळ करून ठेवा. उलटलेला पाय घाईत लक्षात येत नाही आणि पंजा तिथेच अडकतो.

लहान मुलं

एकाच पायात दोन्ही पाय घालणं, पुढची बाजू मागे होणं, मध्येच पडणं आणि रडणं, हे सगळं मुलाला उभं करून शिकवल्याने होतं. त्याला जमिनीवर बसवा, पँट त्याच्यासमोर पुढची बाजू वर आणि कमर त्याच्याकडे करून पसरा. बटण किंवा चित्र वर दिसलं पाहिजे, लेबल खाली. शिकवायचं शेवटाकडून. सुरुवातीला तुम्हीच दोन्ही पाय घाला, गुडघ्यांपर्यंत आणा आणि फक्त कंबरेपर्यंत ओढायचं काम त्याला द्या. ते जमलं की घोट्यांपासून ओढायला द्या. मग एक पाय तुम्ही घाला, दुसरा त्याला घालू द्या. प्रत्येक वेळी शेवट त्याच्या हातून होतो, म्हणून ते कंटाळत नाही. इलॅस्टिकची, सैल, थोडी आखूड पँट घ्या. चेन आणि बटण बऱ्याच नंतर.